तीन आकड्यांचे साहेब

पन्नाशी लागलेल्या बाईनं तीन एकर काळ्या रानातला आपला हक्क सोडून पाच एकर खडकाळ माळ मागून घेतला, आणि वर दुकानात येईल त्याच्या हातावर पेढा ठेवला, असं कुणी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बाईच्या डोक्यावर काहीतरी परिणाम झाला असावा. तसं काही नव्हतं. मी चांगली धडधाकट होते. सातवी पास होते. गुळाच्या ढेपेला नुसतं नख लावून ती कुठल्या गुऱ्हाळाची ते सांगायची. अशा हुशार बाईनं तो माळ घेतला, कारण माळाखाली तेल आहे आणि ते आपलं होणार आहे असं तिला वाटलं. ती बाई आज माझ्यासमोर आली तर मी तिला बसायला पाट देईन आणि मग तोच पाट तिच्या पाठीत घालीन.

पुष्कळ वर्षं मी याचा दोष एका माणसाला देत होते. लोकांनी विचारलं की म्हणायचं, "त्या साहेबानं घातलं डोक्यात." म्हणायला सोपं जातं. साहेब आता हयात आहेत का नाहीत तेही मला ठाऊक नाही, तेव्हा त्यांच्याविषयी खरं काय ते एकदा लिहून ठेवते.

मांजरसुंब्याच्या चौकाजवळ आमचं किराणा दुकान. मागं घर, आणि बाजूला एक सुटी खोली. त्या साली जमिनीखालचं तेल शोधणारी एका कंपनीची टोळी आमच्या भागात आली होती. कुणाच्याही रानातून सरळ रेघ मारल्यासारखी तार ओढायची, ठिकठिकाणी लोखंडी खुंट्या रोवायच्या, बारीक भोकं पाडून त्यात सुरुंग उडवायचा आणि खालून काय आवाज परत येतो ते यंत्रावर ऐकायचं, असं त्यांचं काम. बाकीची माणसं तंबूत राहायची. साहेब तेवढे म्हातारे, दगडांचे जाणकार. तंबूतलं जेवण त्यांना पचेना, म्हणून आमची खोली त्यांनी घेतली. जेवण आमच्याकडेच.

साठीला टेकलेले, काटकुळे, खिशात भिंग आणि कमरेला हातोडी. बोलणं कुठल्या गावचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. तीस वर्षं आसाम, गुजरात, राजस्थान फिरून त्यांच्या जिभेवरची गावची माती झडून गेली होती. जिभेवर दुसरी माती मात्र असायची. कुठलाही दगड फोडला की ते आधी तो चाटायचे. ओल्या दगडाचे कण नीट दिसतात म्हणे. पहिल्या आठवड्यात चौकातल्या लोकांनी हे पाहिलं, आणि आमच्या ह्यांना सगळे विचारू लागले, की वहिनी साहेबाला पोटभर वाढत नाहीत का. एकदा त्यांनी कसल्याशा बाटलीतला थेंब माझ्या नव्या फरशीवर टाकला. फेस आला. मी ओरडायच्या आत ते खुशीत म्हणाले, "चुनखडी आहे बाई. समुद्राच्या तळाची." माझ्या फरशीला भोक पडलं आणि वर समुद्र दाखवला.

पण दगड उचलायच्या आधी ते विचारायचे, "हे कुणाचं?" रस्त्याच्या कडेचा दगड असला तरी. मालक सापडला की त्याची परवानगी घ्यायची, फोडायचा, चाटायचा, आणि उरलेला तुकडा जिथला तिथं ठेवायचा. मी म्हणाले, "साहेब, दगडाला कोण भांडतंय?" ते म्हणाले, "दगडावरूनच भांडतात. पिकावरून भांडण एका हंगामाचं असतं."

आणि त्यांचे आकडे. साध्या प्रश्नाला त्यांनी कधी एक उत्तर दिलं नाही. भाकरी किती वाढू, तर "कमीत कमी एक, बहुतेक दोन, फारच झालं तर चार." एसटी कधी येईल, तर त्यालाही तीन वेळा. त्यांचा धंदाच तसला. जमिनीखालचं दिसत नाही, म्हणून एक आकडा सांगणं म्हणजे खोटं बोलणं, असं ते मानायचे. खात्रीनं एवढं तरी निघेल तो पहिला. धरून चालावं तो दुसरा. आणि सगळंच मनासारखं झालं तर, तो तिसरा.

शेजारच्या घरात लग्न होतं तेव्हा कुणीतरी गमतीनं त्यांना विचारलं, माणूस किती येईल. साहेब गंभीर झाले. निमंत्रणं किती घरांना, त्यातली भांडणातली किती, केजकडची गाडी चालू आहे का, त्या दिवशी आणखी लग्नं किती, असं विचारत बसले आणि तीन आकडे सांगितले. माणूस आला तो बरोबर मधल्या आकड्याइतका. पण आचाऱ्यानं भात शिजवला होता तिसऱ्या आकड्याचा. दोन दिवस आमच्या आळीतली गुरं भात खात होती. मी हसत हसत साहेबांना ते सांगितलं. ते हसले नाहीत. "असंच होतं," म्हणाले. "तीन सांगितले तरी लोक शेवटचाच घेऊन घरी जातात."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्या हातचं खाताना. एवढं ध्यानात ठेवा.

त्यांच्या सांगण्यावरून आजवर सोळा ठिकाणी खोल विहिरी खणल्या गेल्या होत्या, पंधरा कोरड्या निघाल्या. त्याला ते "बरी सरासरी" म्हणायचे. बायको पुण्यात. संध्याकाळी तिचा फोन यायचा, कधी येताय विचारायला, आणि हा गृहस्थ तिलाही तीन तारखा सांगायचा. उन्हाळ्याच्या सुमारास तिनं विचारायचं सोडलं. फोन मात्र यायचा. दोघं काय जेवलो ते एकमेकांना सांगायचे आणि ठेवून द्यायचे. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. नवऱ्याशी भांडून का होईना, रोज बोलणाऱ्या बाईचा माज असतो तो.

आता माझ्या माहेराचं. पालीच्या पलीकडं, चढावर, माझ्या वडलांची आठ एकर जमीन. खाली तीन एकर काळं रान, वर पाच एकर माळ. वडील त्या आधीच्या वर्षी गेले होते. भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान, माझ्या कडेवर वाढलेला. खालच्या रानात त्यानं मोसंबी लावली होती, दोनशेला चार झाडं कमी. झाडं नुकती चांगली धरू लागली होती. रानातली विहीर संक्रांतीला तळ दाखवायची, म्हणून त्यानं माळावर बोअर पाडला होता, आणि तिथून पाइपानं पाणी खाली बागेला. वर नुसता दगड, पण पाणी त्या दगडातच.

आमच्याकडं बाप गेला की बहिणी बीडला जाऊन हक्कसोडीवर सही करतात. भाऊ साडी घेतो, हॉटेलात भजी खाऊ घालतो, आणि बहिणीचं माहेर शाबूत राहतं. मीही सही करणार होते. साडीचा रंगसुद्धा भावजयीला सांगून ठेवला होता.

तेवढ्यात टोळीची तार आमच्या माळावरून गेली. तांबड्या झेंड्या लागल्या. आणि त्याच आठवड्यात बोअरच्या पाण्याला बुडबुडे येऊ लागले. भावाच्या पोरांनी काडी ओढून धरली तर निळा जाळ भप्पकन आला आणि गेला.

मी साहेबांना रिक्षात घालून माळावर नेलं. त्यांनी वास घेतला, काडी लावली, जाळ पाहिला, भोवतालचे चार दगड भावाला विचारून चाटले. मग म्हणाले, की काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये कधीकाळच्या तळ्याचा चिखल अडकलेला असतो, तो कुजून थोडासा वायू धरतो.

"माळानं ढेकर दिलाय, बाई. ढेकरावरून जेवणाचं माप काढू नये."

भाऊ हसला आणि कामाला लागला. मला मात्र रिक्षात बसल्यावर वाटलं, साहेब लपवतोय. पगारी माणूस, कंपनीचं मीठ खाणारा. आपल्याला थोडंच सांगेल?

दुसऱ्या दिवशी मी कुळथाच्या पिठाचे शेंगोळे केले. साहेबांचा जीव शेंगोळ्यांवर. ताट वाढलं, पळी खाली ठेवली आणि समोर बसून विचारलं, "आमच्या माळाखाली तेल आहे का, ते खरं सांगा."

त्यांनी फार चांगलं समजावलं, हे मान्य केलं पाहिजे. म्हणाले, तेल म्हणजे खाली तळं भरलेलं नसतं. माठाच्या मातीत पाणी मुरतं तसं ते दगडात मुरलेलं असतं. त्याला पाच गोष्टी जुळाव्या लागतात. ज्यात ते तयार होईल असा दगड. त्याला जमिनीच्या पोटातली ऊब. तिथून निघायला वाट. साठायला सच्छिद्र दगड. आणि वर न गळणारं झाकण. पाचांच्या शक्यता एकमेकींनी गुणायच्या. एक जरी शून्य निघाली तर सगळंच शून्य. तुमच्या इथं वर शेकडो हात काळा दगड, आणि तो आवाज गिळतो. त्याच्याखाली काय आहे ते आमच्या यंत्रालाही नीट ऐकू येत नाही.

"म्हणजे किती?" मी विचारलं. "तुमचे ते तीन आकडे सांगा."

"पहिला शून्य," ते म्हणाले. "दुसराही शून्य."

"आणि तिसरा?"

त्यांनी शेंगोळ्याचा रस बोटानं चाटला. मी हलले नाही. दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं, त्याला ह्यांच्यावर सोडून मी बसून राहिले.

"पाचही जुळलं," ते म्हणाले, "तर या हायवेवरच्या सगळ्या गाड्यांना वर्षभर पुरेल."

तो माणूस दोन शून्यं सांगून गेला होता. मी ऐकलं काय, तर हायवे. तिथल्या तिथं ट्रकांची रांग माझ्या माळाशी वळवून उभी केली.

मग माझं डोकं असं चाललं, की आता काही मी जन्मात पुन्हा एवढी विचारवंत होणार नाही. मी भावाला निरोप धाडला, सही करणार नाही. मला माझा वाटा पाहिजे. काळं रान तुझं तुला राहू दे, मला माळ दे. ह्यांनी फक्त एवढंच विचारलं, की माळाला शेंगा कोणत्या महिन्यात लागतात.

साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी फुगलेल्या भाकरीचा वरचा पापुद्रा अलगद सोडवला आणि माझ्यासमोर धरला.

"एवढं तुमचं," ते म्हणाले. "नांगर जातो तिथवर. खालची सगळी भाकरी सरकारची. तेल असो, वायू असो, सोनं असो. उद्या खरंच निघालं तर कंपनी सरकारला हिस्सा देईल, तुम्हाला पिकाची भरपाई मिळेल. माळावर पीक काय?"

"कुसळं," हे आतून म्हणाले.

"पाण्याचं वेगळं," साहेब म्हणाले. "बोअर ज्याच्या रानात, पाणी उपसणं त्याच्या हातात. तेवढं मात्र तुम्हाला मिळेल."

मी त्यांच्या हातातला तो पापुद्रा घेतला आणि खाऊन टाकला. सरकार, कायदा, सगळं मला तोंडपाठ असल्यासारखं म्हणाले, "साहेब, निघू तर द्या. मग बघू कुणाचं ते." आमच्याकडं सरकारी रस्त्यात, सरकारी गायरानात किती जणांची घरं उभी आहेत ते मला ठाऊक होतं. सरकारचं म्हणजे जो आधी बसेल त्याचं, अशी माझी कायद्याची समजूत. ही समजूत माझ्या एकटीची नाही, पण तेलाचा एवढा मोठा डाव तिच्यावर लावणारी मी एकटीच.

वाटणीपत्र झालं. बीडच्या कचेरीत सही करताना भाऊ खूश होता, हे मला खोटं सांगता यायचं नाही. काळं रान पुरं त्याला मिळालं होतं. बाहेर पायरीवर आल्यावर तो म्हणाला, "आक्का, बोअर आता तुझ्या वाट्याला गेला. पानी तर चालूच ऱ्हाईल की?"

मी म्हणाले, "बघू."

बहिणीचं "बघू" म्हणजे होकार, असं त्याला वाटलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहू द्या. पण महिन्याभरात दुकानात कुणीतरी म्हणालं, की बोअरचे बुडबुडे कमी झालेत. भाऊ रोज मोटर लावतो, पाण्याबरोबर वायू चाललाय निघून. माझा वायू, मोसंबीच्या मुळाशी! मी चौकातला वेल्डर घेऊन गेले. मोटर वर काढून ठेवली. बोअरच्या तोंडावर जाड पत्र्याचं झाकण बसवलं, त्याला कडी, आणि कडीला गोदामाचं कुलूप. भाऊ खाली बागेत उभा राहून बघत होता. वर आला नाही.

साहेबांना कळलं तसे ते एकटेच चालत माळावर जाऊन आले. दुपारी दुकानाच्या फळीसमोर उभे राहिले, आत आले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "जे तुमचं आहे ते तुम्ही कोंडलंत. आणि जे तुमचं नाही त्याची राखण करताय."

मी गिऱ्हाइकांसमोर त्यांना म्हणाले, "तुम्ही भाडेकरू माणूस. तुम्हाला मालकी काय कळणार?" दोघंतिघं हसले. पुढच्या आठवड्यात टोळीचे तंबू उठले, साहेब खोली झाडून, फरशी पुसून गेले. भोक पडलेल्या जागी त्यांनी सिमेंट भरून घेतलं होतं.

मग कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, की आमच्या भागातलं काम कंपनीनं सोडलं. मी त्या कागदात गिऱ्हाइकाला मिरच्या बांधून दिल्या. कुलूप काढायचं कशाला? काढलं तर चुकले असं होतं. ते दोन उन्हाळे वाईट गेले. भावानं विहिरीत आडवे बोअर मारून पाहिले, टँकर घातला, बहिणीवर दावा लाव म्हणून लोकांनी सांगितलं तेव्हा "तेवढं न्हाई करायचं" म्हणाला. राखीला तो आला नाही आणि मी गेले नाही. कुलपाची किल्ली माझ्या कमरेलाच होती, मंगळसूत्रासारखी जपलेली. काय तो माझा तोरा! दुकानात बसून मी लोकांना सांगायची, कंपनी परत येणार आहे.

कंपनी आली नाही, साहेब आले. नोकरी सोडून सोलापूरला कुण्या नातेवाइकाकडं चालले होते, गाडी मांजरसुंब्याला थांबली म्हणून उतरले. बायको गेल्याचं त्यांनी हात धुताना सांगितलं. मी ताट वाढलं. भाकरी किती विचारलं.

"दोन," ते म्हणाले.

मी उरलेल्या दोन आकड्यांची वाट बघत उभी राहिले. ते खाली मान घालून जेवत होते. मग त्यांनी बागेचं विचारलं. मी सांगितलं, कुलूप तसंच आहे.

ते म्हणाले, "त्या दिवशी तिसरा आकडा सांगायची गरज नव्हती. दोन शून्यं होती, तिथं थांबायचं. पण तीस वर्षांत माझं बोलणं ऐकायला कुणी हातातली पळी खाली ठेवली नव्हती. तुम्ही ठेवलीत. मला गोड वाटलं." त्यांनी ताटातला कण पुसून घेतला. "भूगर्भशास्त्राची चूक नाही ही, बाई. माझी आहे. आणि तुमची."

इतक्या वर्षांत एवढा सरळ हिशेब मला कुणी करून दिला नव्हता. आम्ही रिक्षा केली.

माळावर गेल्यावर किल्ली लागेना. कुलूप आतून गंजून गेलेलं. साहेबांनी कमरेची हातोडी काढली आणि सवयीनं विचारलं, "हे कुणाचं?"

"माझं."

"फोडू?"

"फोडा."

चौथ्या घावाला कडी तुटली. झाकण सरकवून त्यांनी खडा टाकला आणि कान लावला. खडा पाण्यात पडल्याचं मलाही ऐकू आलं. पाणी होतं. दोन वर्षं तिथंच होतं, कुणी उपसलं नाही म्हणून उलट वर चढलेलं. साहेबांनी काडी पेटवून तोंडाशी धरली. काहीच झालं नाही, काडी आपली आपण जळत बोटापर्यंत आली.

मग मी खाली पाहिलं. वरून बाग कधीच अशी मोकळी दिसली नव्हती. ओळीनं नुसते तोडलेले बुंधे.

उतरून घरी गेलो. भाऊ नव्हता, चाकणला वॉचमन म्हणून लागला होता. भावजय एकटी होती. दारात मला बघून तिनं पदर सारखा केला, आत जाऊन सतरंजी आणून टाकली. साहेब अंगणातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मी तिला सांगितलं, की बोअर उघडलाय, उद्या मोटर सोडते, पाणी भरपूर आहे, पाहिजे तेवढं घ्या. ती सगळं ऐकत चुलीपुढं बसली होती. चहा उकळला तसा तिनं गाळला, पहिला कप अंगणात साहेबांना नेऊन दिला, दुसरा माझ्यापुढं ठेवला, आणि चुलीतलं लाकूड जरा आत सारत म्हणाली,

"घ्या वन्सं, गरम हाय तवर. मोसंबीचं लाकूड लई चांगलं जळतंय बगा, धूर न्हाई काय न्हाई. आजून दोन सालं तर सरत न्हाई."